उल्हासनगर : दातृत्वाकडून नागरिकत्वाकडे

(ठाणे जिल्ह्यात सेवाकार्य करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचे हे संपादित शब्दांकन.)



मुंबईच्या उपनगरांचा इतिहास सहसा रेल्वेच्या अनुषंगाने सांगितला जातो. लोहमार्ग आला, स्थानक झाले, स्थानकाभोवती चाळी उभ्या राहिल्या, चाकरमानी वस्तीला आले, मग शाळा, ग्रंथालय, नाट्यगृह. मुलुंड, ठाणे, डोंबिवली यांची कथा थोड्याफार फरकाने अशीच आहे. कल्याणच्या पुढे गेले की एक असे नगर लागते, ज्याची कथा या साच्यात बसत नाही. उल्हासनगरचे पहिले रहिवासी मुंबईत नोकरी लागली म्हणून येथे आले नव्हते. आपली मायभूमी नकाशावर परकी झाली, म्हणून ते आले होते.

या नगराविषयी बाहेर जे बोलले जाते ते आपण सर्वांनी ऐकलेले आहे. नकली मालाचे विनोद, ‘यू.एस.ए.’ या अक्षरांवरची कोटी, अनधिकृत इमारती, गुन्हेगारी आणि राजकारण यांचे संगनमत. यातील काही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्यांच्याविषयीही आज मी बोलणार आहे. परंतु ज्या समाजाने पंचाहत्तर वर्षांपूर्वी शून्यातून एक नगर उभे केले, त्याची ओळख एका विनोदापुरती उरावी, हा त्या समाजावर आणि आपल्या इतिहासबोधावरही अन्याय आहे. म्हणून प्रथम इतिहास पाहू, नंतर या नगराने उभ्या केलेल्या सेवांचा विचार करू आणि शेवटी आज आपल्यापुढे उभ्या असलेल्या प्रश्नाकडे वळू.

सिंध आणि मुंबई : एक विसरलेले नाते

सिंधी समाज महाराष्ट्रात ‘बाहेरून’ आला, असे आपण सहज म्हणतो. वस्तुस्थिती अशी आहे की १८४७ पासून १९३६ पर्यंत सिंध हा मुंबई इलाख्याचाच भाग होता. कराचीचा कारभार मुंबईच्या सचिवालयातून चाले. सिंधमधील पहिली सरकारी शाळा १८५५ मध्ये कराचीत सुरू झाली. आज ती शाळा नारायण जगन्नाथ वैद्य यांच्या नावाने ओळखली जाते. हे वैद्य मुंबई इलाख्यातून तेथे गेलेले मराठी शिक्षणाधिकारी. सिंधी व्यापाऱ्यांच्या वहीखात्यांतील खुदाबादी लिपीला सुधारून शाळेत आणण्याचे काम १८६८ मध्ये त्यांच्याकडे सोपवण्यात आले होते. म्हणजे सिंधी मुलांच्या हाती सिंधी अक्षर देणाऱ्यांमध्ये एक मराठी माणूस होता. उल्हासनगरच्या मराठी आणि सिंधी शाळांतील किती मुलांना हे नाव ठाऊक असेल?

१ एप्रिल १९३६ रोजी सिंध मुंबई इलाख्यापासून वेगळा करण्यात आला. त्या प्रांतात हिंदू लोकसंख्येच्या साधारण एक चतुर्थांश होते. अकरा वर्षांनी देशाची फाळणी झाली तेव्हा पंजाब आणि बंगाल यांचे विभाजन झाले. सिंधचे झाले नाही. तो संपूर्णपणे पाकिस्तानात गेला. या एका वाक्याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. पंजाबी विस्थापिताला लाहोर गमावल्यावर अमृतसर उरले, बंगाली विस्थापिताला ढाका गमावल्यावर कोलकाता उरले. सिंधी हिंदूला भारतात सिंधचे एक गावसुद्धा उरले नाही. ज्याची भाषा रस्त्यावर बोलली जाते, ज्याचे सण सार्वजनिक सुट्टीने साजरे होतात, असा प्रांत त्याच्या वाट्याला आलाच नाही.

ऑगस्ट १९४७ मध्ये सिंधमध्ये पंजाबसारखा रक्तपात उसळला नव्हता. पुष्कळ कुटुंबे राहण्याच्याच विचारात होती. परंतु वातावरण झपाट्याने पालटले आणि ६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत झालेल्या दंगलीनंतर निघून जाण्यावाचून गत्यंतर उरले नाही. काहीजण कराचीच्या बंदरातून जहाजाने मुंबई, ओखा, वेरावळ येथे उतरले. काही मीरपूर खास, खोखरापार या मार्गाने मारवाडात पोहोचले. दहा लाखांहून अधिक माणसे अशी आली. त्या काळात संघाचे स्वयंसेवक सिंधमधील शहरांत हिंदू कुटुंबांच्या पाठीशी उभे होते. सिंधचे प्रांत प्रचारक राजपाल पुरी आणि कराची नगराचे काम पाहणारे तरुण लालकृष्ण अडवाणी ही त्यांतील परिचित नावे. बहुसंख्य नावे मात्र कोठेच नोंदलेली नाहीत.

छावणीचे नगर झाले

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रज सरकारने कल्याणजवळ एक मोठी लष्करी छावणी उभारली होती. दोन हजारांहून अधिक बराकी, मधोमध लांब दालन आणि दोन्ही टोकांना खोल्या, अशी त्यांची रचना. युद्ध संपले, सैनिक गेले, बराकी ओस पडल्या. मुंबईच्या गोदीत उतरलेल्या निर्वासितांना सरकारने येथे आणून ठेवले. नव्वद हजारांहून अधिक माणसे या बराकींमध्ये राहू लागली. एकेका दालनात अनेक कुटुंबे. दोन कुटुंबांच्या मध्ये भिंत म्हणून गोणपाट किंवा साडी. कालपर्यंत ज्यांच्या हवेलीत गाई-म्हशी होत्या, त्यांना सार्वजनिक नळावर रांगेत उभे राहावे लागले.

८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या नव्या नगराची कोनशिला बसवण्यात आली आणि जवळून वाहणाऱ्या उल्हास नदीवरून त्याला ‘उल्हासनगर’ हे नाव मिळाले. ज्यांच्या जीवनातील उल्हास संपला होता, त्यांच्या वस्तीला हे नाव दिले गेले. या लोकांनी ते नाव खरे करून दाखवले, हा या नगराचा पहिला पराक्रम.

याच सुमारास कच्छमध्ये भाई प्रताप दियालदास यांच्या पुढाकाराने सिंधी विस्थापितांसाठी गांधीधाम हे नगर वसत होते. तेथे कच्छच्या महाराव विजयराज यांनी जमीन दिली होती, वसाहतीसाठी स्वतंत्र महामंडळ स्थापन झाले होते, रस्त्यांचा आराखडा तयार होता. उल्हासनगरच्या वाट्याला असे काही आले नाही. सैन्याने आपल्या तात्पुरत्या सोयीसाठी आखलेली छावणी हाच या नगराचा आराखडा ठरला. पुढे या नगरावर जी संकटे आली, त्यांतील अनेकांचे मूळ या आरंभात आहे, हे लक्षात ठेवले पाहिजे.

काही काळ सरकारी शिधा मिळाला. पण या समाजाने ‘शरणार्थी’ हे बिरुद फार दिवस मिरवले नाही. आम्ही शरणार्थी नाही, पुरुषार्थी आहोत, असे ते म्हणू लागले. स्त्रियांनी पापड लाटले, कपडे शिवले. शाळकरी मुलांनी लोकल गाड्यांतून गोळ्या, पेन, रुमाल विकले. नफा थोडा, विक्री जास्त, आणि हात पसरायचा नाही, हे त्यांचे अर्थशास्त्र. त्यातूनच कापडाचा जपानी बाजार उभा राहिला, लाकडी सामानाची पेठ उभी राहिली, पुढे जीन्स शिवण्याचे कारखाने निघाले. एका बराकीत शिलाई यंत्र ठेवून सुरू झालेला उद्योग देशभरातील दुकानांपर्यंत पोहोचला.

हे नगर एकट्या सिंधी समाजाचे नाही

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. ज्या जमिनीवर छावणी झाली, ती निर्जन नव्हती. या परिसरात आगरी, कोळी, कुणबी समाजाची जुनी गावे होती. युद्धाच्या नावाखाली इंग्रजांनी त्यांच्याही जमिनी घेतल्या. जवळच नेवाळी येथे विमानांच्या धावपट्टीसाठी घेतलेल्या जमिनीचा प्रश्न तर जून २०१७ मध्ये शेतकऱ्यांच्या आंदोलनाच्या रूपाने पुन्हा भडकला. सिंधमधून आलेला मनुष्य विस्थापित होता आणि येथला शेतकरीही एका अर्थाने विस्थापितच होता. दोघांचे दुःख एकाच परकीय सत्तेच्या निर्णयांतून जन्मले होते. हे एकमेकांना समजावून सांगणारे कोणी मध्ये नसेल, तर दोघेही एकमेकांना आगंतुक आणि अडथळा समजू लागतात.

पुढे शहाडला बिर्ला उद्योगसमूहाचा सेंच्युरी रेयॉनचा कारखाना आला. अंबरनाथला आयुध निर्माणी होतीच. त्यामागून घाटावरचे मराठी कामगार आले, उत्तर प्रदेश आणि बिहारचे आले, दाक्षिणात्य आले, गुजराती आले. आज या नगरातील वस्त्यांची नावे नुसती वाचली तरी हा प्रवास ध्यानात येतो : पंजाबी कॉलनी, मराठा सेक्शन, सुभाष टेकडी, खेमानी, लालचक्की. सुभाष टेकडीवर भगवान बुद्ध आणि पूज्य बाबासाहेबांची जयंती उत्साहाने साजरी होते. चेटीचंडला झुलेलालांचा बहराणा निघतो. चालिहाच्या चाळीस दिवसांच्या व्रतात कॅम्प पाचमधील चालिया मंदिरात रीघ लागते. छठपूजेला उत्तर भारतीय भगिनी नदीकाठी जमतात.

सिंधी समाजाची श्रद्धा हा तर स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. त्यांच्या टिकाण्यांत आणि दरबारांत गुरुग्रंथसाहिबांचे पठण होते आणि तेथेच झुलेलालांची ज्योतही तेवते. घरी गणपती बसतो, नवरात्रात घट बसतो. पंथ आणि संप्रदाय यांच्या भिंती पुस्तकातून जेवढ्या उंच दिसतात, तेवढ्या त्या या घरांत कधीच नव्हत्या. समरसतेवर आपण व्याख्याने देतो. या समाजाने ती आपल्या देवघरात सहज जपली आहे.

सेवेची परंपरा

आता सेवांकडे येऊ. विस्थापित समाज सहसा प्रथम घर बांधतो, मग दुकान, आणि पुष्कळ वर्षांनी शाळा. या समाजाने क्रम बदलला. हैदराबाद सिंध येथील नॅशनल कॉलेजचे प्राचार्य के. एम. कुंदनानी आणि बॅरिस्टर होतचंद अडवाणी यांनी १९४९ मध्ये, म्हणजे विस्थापनानंतर अवघ्या दोन वर्षांत, वांद्रे येथे महाविद्यालय सुरू केले. त्याच मंडळाने १९६५ मध्ये उल्हासनगरमध्ये श्रीमती चांदीबाई हिंमथमल मनसुखानी महाविद्यालय सुरू केले, जे सर्वत्र ‘सी.एच.एम.’ या नावाने ओळखले जाते. त्याआधी १९६१ मध्ये तलरेजा महाविद्यालय उघडले होते. या महाविद्यालयांतून केवळ सिंधी मुले शिकली नाहीत. अंबरनाथ, बदलापूर, वांगणी, मुरबाड येथील मराठी शेतकऱ्यांच्या आणि कामगारांच्या घरातील पहिली पदवीधर पिढी मोठ्या संख्येने येथून बाहेर पडली. एका समाजाच्या दातृत्वाचे फळ संपूर्ण तालुक्याने चाखले.

दुसरे उदाहरण पंचायतींचे. सिंधमधील ज्या गावातून वा शहरातून लोक आले, त्या गावाच्या नावाने त्यांनी येथे पंचायती स्थापन केल्या : शिकारपूरच्या, सक्करच्या, लाडकाण्याच्या. विवाह जुळवणे, विधवेला मासिक साहाय्य, मुलांची फी, आजाऱ्याचे औषध, अंत्ययात्रेची व्यवस्था, भांडणात मध्यस्थी, हे सारे पंचायत पाहते. नगरपालिका सबळ होण्यापूर्वी या नगराचा खरा कारभार पंचायती आणि दरबार यांनीच सांभाळला. साधू वासवानींसारख्या सिंधी संतांनी जीवसेवेचा जो संस्कार दिला, त्याचे हे संस्थात्मक रूप आहे.

तिसरे उदाहरण रुग्णसेवेचे. कॅम्प तीनमधील मध्यवर्ती रुग्णालय हे शासनाचे आहे. उल्हासनगरपुरतेच नव्हे, तर अंबरनाथ, बदलापूर आणि मुरबाडच्या वनवासी पाड्यांवरील रुग्णांनाही त्याचाच आधार असतो. अशा रुग्णालयाभोवती भोजन, औषध, रक्त, रुग्णवाहिका यांची व्यवस्था करणारे हात नेहमीच लागतात, आणि या नगरात त्यांची उणीव भासलेली नाही. येथे कोणी उपाशी झोपत नाही, असे जुने लोक अभिमानाने सांगतात. उन्हाळ्यात चौकाचौकात पाणपोई लागते. गुरुपौर्णिमा असो, चेटीचंड असो वा गुरुनानक जयंती, लंगर आणि भंडारा असतोच.

मग उणे कोठे आहे?

बंधू-भगिनींनो, येथपर्यंतचा भाग अभिमानाचा आहे. आता जे सांगणार आहे ते कटू वाटेल, परंतु ते आपुलकीनेच सांगतो आहे.

हे नगर सुमारे तेरा चौरस किलोमीटरचे. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ५,०६,०९८ होती. म्हणजे प्रत्येक चौरस किलोमीटरमध्ये सुमारे ३८ हजार माणसे. पूर्वी नगरपालिका होती, १९९६ पासून महानगरपालिका आहे. बराकींच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. कुटुंब वाढत होते, जागा वाढत नव्हती, जमिनीच्या सनदेचे प्रश्न वर्षानुवर्षे लोंबकळत होते. मार्ग सरळ नसला की माणूस आडवाट शोधतो. परवानगीविना मजले चढले. प्रकरण उच्च न्यायालयात गेले, शेकडो इमारती पाडण्याची वेळ आली, तेव्हा २००६ मध्ये राज्य शासनाने केवळ उल्हासनगरसाठी स्वतंत्र कायदा करून अनधिकृत बांधकामे नियमित करण्याची वाट काढली.

कायद्याने इमारत नियमित होऊ शकते. कायद्याने तिचा खांब मजबूत होत नाही. मे २०२१ मध्ये अवघ्या पंधरवड्यात दोन इमारतींचे स्लॅब एकावर एक कोसळले आणि दहाहून अधिक माणसे दगावली. नव्वदच्या दशकात निकृष्ट रेती वापरून घाईने बांधलेल्या अनेक इमारतींत आजही कुटुंबे राहत आहेत. भिंतीला तडा गेलेला दिसतो, छतातून सळई डोकावते. पण घर सोडले तर हक्क जाईल, ही भीती पाय धरून ठेवते. ज्याच्या आजोबाने एकदा घर सोडले आणि ते पुन्हा कधी पाहिले नाही, त्याच्या नातवाला ‘घर रिकामे करा’ ही नोटीस कशी वाटत असेल, याची कल्पना नोटीस लिहिणाऱ्याने केली पाहिजे.

पाण्याचे पाहा. या नगराला नदीचे नाव आहे, पण त्याचा स्वतःचा असा पाण्याचा स्रोत नाही. औद्योगिक विकास महामंडळाकडून ते पाणी विकत घेते. ते पाणी बारवी धरणाचे आणि उल्हास नदीचे. बारवीच्या पाण्याखाली मुरबाडकडील शेतकऱ्यांची आणि वनवासींची गावे गेली आहेत. म्हणजे सिंधमधून विस्थापित झालेल्या कुटुंबाच्या घागरीत जे पाणी येते, ते सह्याद्रीतील एका विस्थापिताने दिलेले आहे. हे ऋण या नगराने कधी मानले का? गळक्या वाहिन्या, टाकीवरून वाहून जाणारे पाणी, न भरलेली पाणीपट्टी, या साऱ्याकडे या ऋणाच्या दृष्टीने पाहिले तर आपली मान खाली जाते.

आणि वालधुनी. अंबरनाथच्या ज्या शिवमंदिराचा शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख शिलाहार राजा मुम्मुणी याचा उल्लेख करतो, ते मंदिर या वालधुनीच्या काठी उभे आहे. त्याच प्रवाहात पुढे कारखान्यांचे सांडपाणी, जीन्स धुण्याचे रंगीत पाणी आणि नगराचा मैला मिसळत गेला. २०१४ च्या अखेरीस कोणी तरी तिच्यात विषारी रसायन ओतले आणि त्या वायूने शेकडो लोकांना रुग्णालयात जावे लागले. जो समाज वरुणदेवतेचा, दर्याचा उपासक आहे, ज्याचे इष्टदैवत झुलेलाल जलातून प्रकटले असे तो मानतो, त्याच्या अंगणातील नदीची ही अवस्था व्हावी, यासारखा विरोधाभास नाही.

दाता आणि नागरिक

एवढा उदार समाज आणि एवढे हलाखीचे सार्वजनिक जीवन, हे दोन्ही एकाच नगरात कसे नांदते? माझ्या मते याचे उत्तर आपल्या सेवेच्या कल्पनेतच दडलेले आहे.

दान हे दात्याच्या इच्छेवर चालते. त्याला वाटले तर तो पाणपोई घालतो, वाटले तर रुग्णवाहिका देतो, आणि बहुधा आपल्या ओळखीच्या माणसांना देतो. नागरिकाचे कर्तव्य इच्छेवर चालत नाही. त्याला कर वेळेवर भरावा लागतो, बांधकामाचे नियम पाळावे लागतात, ज्याचे नावही ठाऊक नाही अशा शेजाऱ्यासाठी गटार स्वच्छ ठेवावे लागते. दानाने नाव होते, फलक लागतो. नागरिकाच्या कर्तव्याचा फलक लागत नाही. पाणपोई आवश्यक आहे, परंतु हजार पाणपोयांनी एक जलवाहिनी होत नाही. भंडाऱ्यात पन्नास हजार माणसे जेवली, तरी त्यांच्या पत्रावळी नाल्यात गेल्या तर पुण्य कोणाच्या खाती लिहायचे?

दुसरे कारण अधिक खोल आहे. पंचाहत्तर वर्षे उलटली तरी आपण पत्ता सांगताना ‘कॅम्प तीन’, ‘कॅम्प पाच’ असेच म्हणतो. बराकीचे क्रमांक अजून पत्रावर येतात. छावणी ही मुक्कामाची जागा. तेथे माणूस झाड लावत नाही, कारण फळ खायला आपण असू याची खात्री नसते. पहिल्या पिढीच्या मनात परत जाण्याची आशा होती. दुसरी पिढी पोट भरण्यात गेली. तिसरी पिढी संपन्न झाली की ठाणे, मुंबई, पुणे किंवा परदेशाकडे निघते. नगर मात्र मुक्कामाचेच राहिले.

भाषेचेही तसेच झाले. १० एप्रिल १९६७ रोजी सिंधी भाषेचा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात समावेश झाला. तो फार मोठा गौरव होता. राष्ट्रगीतातील ‘सिंध’ हा शब्द काढावा, अशी मागणी करणारी याचिका २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली, तेव्हाही सर्वांना समाधान वाटले. पण सन्मानाची ही कवाडे उघडत असताना घरातली भाषा मागे सरत होती. अरबी लिपी की देवनागरी, हा वाद विद्वानांत चालू राहिला आणि मुले इंग्रजी शाळेत गेली. आजी सिंधीत विचारते आणि नातू हिंदीत उत्तर देतो. होळीचा घीयर आणि रविवारचे दाल-पकवान टिकले. हेमू कलानीचे नाव मात्र पुसट होत चालले आहे. सक्करचा हा एकोणीस वर्षांचा मुलगा लष्करी गाडीचे रूळ उखडण्याच्या प्रयत्नात पकडला गेला आणि २१ जानेवारी १९४३ रोजी हसत फासावर गेला. प्रांत हरपल्यावर त्याची स्मृती सांभाळण्याची जबाबदारी या नगराकडे आली आहे.

आपण काय करायचे?

आपण कार्यकर्ते आहोत. केवळ विश्लेषण करून आपले काम संपत नाही. म्हणून चार कामे सुचवतो.

पहिले काम इमारतींचे. प्रत्येक वस्तीत पाच-सात जाणत्यांची एक समिती हवी, जी वीस-पंचवीस वर्षांहून जुन्या इमारतींच्या स्ट्रक्चरल ऑडिटचा पाठपुरावा करील, रहिवाशांना एकत्र बसवील आणि घर सोडावे लागलेल्या कुटुंबाची निवाऱ्याची व हक्काच्या कागदाची हमी लेखी मिळवून देईल. आपल्यात अभियंते आहेत, वकील आहेत. एका धर्मशाळेच्या खर्चात अनेक इमारतींची तपासणी होऊ शकते, हे दात्यांना समजावून सांगितले पाहिजे.

दुसरे काम नदीचे. वालधुनी अंबरनाथच्या डोंगरातून निघून कल्याणला खाडीत मिळते. तीन नगरांच्या लोकांनी मिळून तिची पहाणी करावी, कोठे कोणता नाला मिसळतो याचा नकाशा करावा आणि तो घेऊन प्रशासनाच्या दारात उभे राहावे. चालिहाच्या व्रतात जलपूजन करणाऱ्या दरबारांना या कामात अग्रस्थान द्यावे. श्रद्धा ज्या पाण्याची आहे, रक्षणही त्याच पाण्याचे व्हावे.

तिसरे काम पंचायतींच्या सीमा ओलांडण्याचे. शिकारपूरच्या पंचायतीने शिकारपुरींना साहाय्य करावे, हे योग्यच आहे. पण तिच्या शिष्यवृत्तीतील काही जागा सुभाष टेकडीवरील मुलाला, उत्तर भारतीय फेरीवाल्याच्या मुलीला, बारवीकाठच्या वनवासी विद्यार्थ्याला मिळाव्यात. मराठी समाजाच्या संस्थांनीही सिंधी वस्तीत पाऊल टाकले पाहिजे. आजही येथे अशी हिंदू कुटुंबे आहेत, जी अलीकडच्या वर्षांत पाकिस्तानातून आली आणि दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहत आहेत. २०१९ मध्ये नागरिकत्व कायद्यात दुरुस्ती झाली, मार्च २०२४ मध्ये तिचे नियम आले. पात्र कुटुंबांचे अर्ज भरणे, कागद जमवणे, हे काम आपल्या युवकांनी चिकाटीने करावे. ज्याला नागरिकत्वासाठी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागते, त्याला त्याचे मोल आपल्यापेक्षा अधिक कळते.

चौथे काम इतिहासाचे, आणि त्याला वेळ थोडा उरला आहे. ज्यांनी कराचीचे बंदर डोळ्यांनी सोडले, ती माणसे आता नव्वदीला टेकली आहेत. त्यांच्याजवळ बसा. त्यांचे बोलणे त्यांच्याच भाषेत ध्वनिमुद्रित करा. जुन्या सनदा, शिधापत्रिका, सिंधमधील घरांच्या किल्ल्या, वहीखाती यांची छायाचित्रे घ्या. त्याबरोबरच येथल्या आगरी आणि कोळी गावांतील वृद्धांचेही बोलणे नोंदवा, छावणी येण्यापूर्वी ही शेते कोणाची होती ते लिहून ठेवा. दोन्ही कथा एकाच ग्रंथात, शेजारी शेजारी, छापल्या पाहिजेत.

बंधू-भगिनींनो, उल्हासनगरच्या पहिल्या पिढीजवळ घर नव्हते, तरी तिने शाळा उभारली. आजच्या पिढीजवळ घर आहे, दुकान आहे, गाडी आहे. तिच्याकडे पैशाची मागणी करायला मी आलेलो नाही; पैसा ती न मागताही देते. तिने आपल्या नगरासाठी वेळ द्यावा, नियम पाळावा आणि ओळख नसलेल्या शेजाऱ्याची चिंता करावी, एवढीच अपेक्षा आहे. पुढील महिन्यापासून प्रत्येक कॅम्पमधील किमान एका वस्तीत या चारपैकी एका कामाला आरंभ व्हावा. कोणते काम कोणी घ्यायचे, ते आज उठण्यापूर्वी ठरवूया.

भारत माता की जय.